तसाच आलो

आमच्या सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका गेल्या पावसाळ्यात गेले. मी रात्रपाळी संपवून घरी येत होते, सकाळचे साडेनऊ वाजले असतील. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, कोपऱ्यात हिरवे बांबू आणि सुतळीचं बंडल पडलेलं होतं. वैकुंठ स्मशानभूमीला फोन करून झाला होता. मी तिथंच थबकले. चार-पाच जणांकडून काय झालं, कधी झालं ते ऐकत होते, तेवढ्यात फाटकापाशी एक मोटरसायकल येऊन थांबली. लाल टी-शर्ट, छातीवर आणि पाठीवर कंपनीचं नाव, खांद्यावर ती चौकोनी फुगीर बॅग. फाटकाजवळच्या गृहस्थांनी हात आडवा केला. "कुठल्या फ्लॅटचं पार्सल आहे? आज इकडून नको, मयत झालीय. मागच्या जिन्यानं जा."

पोरानं हेल्मेट काढलं. चेहरा घामानं आणि पावसानं ओला. म्हणाला, "माझे काका आहेत ते."

गृहस्थ ओशाळले, बाजूला झाले. त्यांची चूक होती असं मी म्हणणार नाही. त्या कपड्यातला माणूस दिवसातून दहा वेळा त्या फाटकातून आत जातो आणि पार्सल देऊन बाहेर पडतो. पण मी स्वतः त्या क्षणी रुग्णालयाच्या पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये उभी होते, काकांची मी कुणीही नव्हते, आणि मला कुणी अडवलं नव्हतं. उलट दोघांनी सरकून वाट दिली होती. सख्ख्या पुतण्याला मात्र आपलं नातं फाटकात सांगावं लागलं.

त्यानं बॅग वॉचमनच्या खुर्चीमागे ठेवली. खिशातला फोन सारखा वाजत होता, तो बंद केला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई हळू आवाजात, पण ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "निदान शर्ट तरी बदलून यायचं." त्यानं ते ऐकलं. कुणाकडेही न बघता म्हणाला, "ऑर्डर पोचवली आणि तसाच आलो." मग जिन्याखाली गेला आणि मिनिटभरानं परत आला. टी-शर्ट तोच होता, उलटा करून घातलेला. शिवणी बाहेर आलेल्या, मानेशी धुण्याच्या सूचनांची पांढरी पट्टी लोंबत होती. छातीवरची अक्षरं कापडातून पुसट उलटी दिसत होती. त्याच शर्टात त्यानं काकांना खांदा दिला.

मृताच्या कार्यात आपण बरंच काही उलटं करतो. एरवी डाव्या खांद्यावर असलेलं जानवं उजव्या खांद्यावर घेतात, त्याला अपसव्य म्हणतात. त्या दिवशी मुलानं जानवं बदललं आणि शेजारी पुतण्या उलट्या शर्टात उभा होता. दोन्ही मला एकाच जातीचं वाटलं. फरक एवढाच की अपसव्य करायला शास्त्र सांगतं. शर्ट उलटा करायला त्याला आपण लावलं.

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

'तसाच आलो' हे आपल्याकडे मौतीच्या घरी बोललं जाणारं पहिलं वाक्य असतं. कळलं आणि तसाच आलो. जेवत्या ताटावरून उठलो. माझं माहेर खटाव तालुक्यातलं, येरळेच्या काठचं. तिथं हे वाक्य किती वेळा ऐकलंय. "भांगलत होते, खुरपं बांधावर टाकलं आणि आले." "बैल सोडलेसुद्धा नाहीत, पोराला सांगितलं आन् आलो." पोटऱ्यांना चिखल, हातांना शेणाचा वास, पदराला कडब्याची कुसळं. त्या घरात जाताना कपडे बदलायचे असतात हे गावातल्या कुणाच्या ध्यानीमनीही नसायचं. शोकाचे म्हणून वेगळे कपडे आमच्याकडे नव्हतेच. म्हातारी माणसं रोजच पांढरं धोतर, पांढरी टोपी घालायची. बायका नेसत्या लुगड्यानिशी यायच्या. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, पांढरा पंजाबी ड्रेस शोकासाठी म्हणून कपाटात तयार असणं मी शहरात आल्यावर पाहिलं. त्याला माझी ना नाही. पण जो कपडे बदलून आला त्याला बदलण्याइतका वेळ होता, आणि ज्याला नव्हता तो कामावरून धावत आला, एवढं तरी आपण ओळखायला हवं.

आमच्या भागात अंत्ययात्रेला 'माती' म्हणतात. "दुपारी चारला माती आहे." "मातीला गेला होतास का?" जाळत असले तरी शब्द मातीच. आणि खाकी हा शब्द ज्या फारसी 'खाक'वरून आला, तिचाही अर्थ माती, धूळ. आपण 'जळून खाक' म्हणतो तेव्हा तीच खाक राख होऊन येते. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्यानं 'गाइड्स' नावाची पलटण उभी केली आणि तिच्यासाठी हा धुळीत मिसळून जाणारा रंग घेतला. लष्करातली खाकी तिथून सुरू झाली असं मानतात. पुढं ती पोलिसांच्या, पोस्टमनच्या, रिक्षावाल्यांच्या अंगावर आली. आणि माझ्या वडिलांच्या.

आण्णा एसटीत कंडक्टर होते. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटली, तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे, ही नावं ते देवाच्या नावांसारखी घ्यायचे. केवट्यांचं जरा जास्तच, कारण कंडक्टर. घरात आमच्या गणवेशाआधी त्यांच्या खाकीला इस्त्री व्हायची. तांब्यात निखारे घालून आई ती फिरवायची, आणि छातीवर बिल्ला लावायचं काम माझं.

१९९४ च्या मार्चमध्ये आजी गेली, आण्णांची आई. सकाळी दहा-साडेदहाला. मी नऊ वर्षांची होते. आण्णा गाडीवर होते. मोबाइल वगैरे काही नव्हतं. ग्रामपंचायतीच्या फोनवरून कुणीतरी वडूजच्या आगाराला कळवलं. आगारातून निरोप निघाला तोही गाडीवरूनच. पुसेगावच्या अलीकडे समोरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं हात करून आण्णांची गाडी थांबवली आणि खिडकीतून खिडकीत सांगितलं. आण्णांनी पुढं आम्हाला सांगितलेलं एवढंच आठवतं: "डोक्यात पहिलं आलं, अजून सात जणांची तिकिटं फाडायचीत."

ती त्यांनी फाडली. गाडी वडूजला नेली. तिथं कॅश भरायची, तिकिटांची पेटी जमा करायची, मग सुटायचं, असा नियम. पण भरणा करून घ्यायला अर्धा-पाऊण तास जातो आणि दिवस मावळायच्या आत माती उरकायची होती. कंट्रोलर म्हणाले, "कॅश उद्या भर. आधी जा." मुक्कामाच्या गाडीला कॅशची बॅग रात्रभर उशाखाली घेऊन झोपायची सवय त्यांना होतीच. मिळेल त्या जीपला लटकून आण्णा निघाले. खाकी अंगावर, चामड्याची बॅग गळ्यात.

मी ओट्यावर खांबाला धरून उभी होते. बोळाच्या तोंडाशी ते दिसले तेव्हा धावत होते, आणि धावता धावता बॅगेतली चिल्लर वाजत होती. माणसं बाजूला झाली. आत जाऊन त्यांनी आजीच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा बॅग पुढं घसरली आणि जमिनीवर आपटली. खळ्‌ असा मोठा आवाज झाला. रडणाऱ्या बायका क्षणभर थांबल्या.

आमच्याकडे वय होऊन गेलेल्या माणसाच्या तिरडीवरून चिल्लर उधळतात. थोरले चुलते, आबा, घरात सुटे शोधत होते. कुणीतरी म्हणालं, "अरे, याच्या बॅगेत हायेत की." आण्णांनी बॅग उघडली. चार आणे, आठ आणे, रुपयाची नाणी ओंजळ-ओंजळ काढून पन्नास रुपये मोजले आणि आबांच्या हातातली पन्नासची नोट घेऊन आतल्या कप्प्यात ठेवली. आई मरून पडलेली, आणि हा माणूस सुटे मोजतोय. तेव्हा एका आत्यानं तोंड फिरवलं होतं. मीही लहानपणी बरीच वर्षं ते आठवून गोंधळायचे. मोठी झाले, स्वतः ड्युटी करायला लागले, तेव्हा कळलं की तो पैसा त्यांचा नव्हताच. सकाळपासून गाडीत चढलेल्या माणसांचा होता. आईच्या तिरडीसाठीसुद्धा तो फुकट द्यायचा अधिकार त्यांना नव्हता, आणि मोजून बदलून द्यायला मात्र त्यांचं मन मोठं होतं.

आण्णा तीन भावांतले मधले. करते आबा, मडकं त्यांच्याकडे. आण्णांनी खांदा दिला. एका खांद्यावर बांबू, दुसऱ्या खांद्यावरून तिरक्या पट्ट्याची बॅग. कुणीतरी म्हणालं, "ती बॅग तरी दे कुणाकडं." त्यांनी मान हलवली. ती बॅग ते कुणाकडेच देत नसत. घरी चहाला पाच मिनिटं थांबले तरी मांडीवर असायची. आम्हा पोरांना तिला हात लावायची बंदी होती. तिरडी आळीतून निघाली. थोडा वेळ सगळं शांत झालं आणि त्या शांततेत प्रत्येक पावलाला खुळखुळ ऐकू यायला लागली. पाऊल, खुळखुळ. पाऊल, खुळखुळ. मारुतीच्या देवळापाशी विसाव्याला तिरडी टेकवली तेव्हा आवाज थांबला, उचलली तेव्हा पुन्हा सुरू झाला. ओढ्याच्या वळणापलीकडे माणसं दिसेनाशी झाली तरी मला तो ऐकू येत होता. आजही आजीची माती म्हटली की मला रडणं आठवत नाही, तो आवाज आठवतो.

परत आल्यावर सगळ्यांनी विहिरीवर अंघोळी केल्या. मातीला गेलेले कपडे बाहेरच भिजवायचे, घरात आणायचे नाहीत. आण्णांची खाकी आईनं न्हाणीजवळच्या बादलीत टाकली. खिशात कार्बनचा तुकडा राहिला होता, वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहिताना मधे घालायचा तो. दोघांनाही तो काढायचं सुचलं नाही. सकाळी शर्ट पिळला तेव्हा डाव्या खिशापासून खाली निळा ओघळ उतरला होता, बोटभर रुंद. आईनं सोडा लावला, लिंबू चोळलं. गेला नाही. आण्णांनी तो शर्ट विरेपर्यंत वापरला. बिल्ला लावताना मला तो ओघळ रोज दिसायचा. इतर कुणाला तो शाईचा डाग. आम्हाला आजीच्या मातीची तारीख.

बॅग चामड्याची, ती काही भिजवता येईना. चुलतीनं तिच्यावर पाण्याचे शिंतोडे उडवले आणि ती ओट्यावर ठेवली. आजी जिथं गेली त्या जागी आत दिवा लावला होता. शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली, दोन-दोन घास सगळ्यांनी खाल्ले. मग आण्णा ओट्यावर बसले, मला कंदील धरायला सांगितला आणि त्यांनी कॅश मोजली. नोटा वेगळ्या, नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती. वेबिलावरचे आकडे, तिकिटांचे नंबर. एकदा मोजलं, चुकलं. पुन्हा मोजलं. जुळलं. त्यांनी बॅगेचा पट्टा ओढून बंद केला, बक्कल लावलं, बॅग मांडीवरून बाजूला ठेवली. आणि मग ते रडले. दिवसभरात पहिल्यांदा. आवाज न करता, खांदे हलत होते तेवढंच. मी कंदील धरून उभीच.

तेरावं करून कामावर गेले तेव्हा मुंडण केलेलं डोकं खाकी टोपीखाली होतं. पण मानेवरून, कानांमागून कळतंच. त्या रस्त्यावरची माणसं रोजची. "कोण गेलं, भाऊ?" प्रत्येक थांब्याला कुणी ना कुणी विचारायचं. "आई," असं म्हणत म्हणत त्यांनी तिकिटं दिली. ते म्हणायचे, घरी भेटायला आलेल्या पाहुण्यांपेक्षा त्या गाडीतच त्यांना जास्त जणांनी विचारलं.

मी नर्स झाले आणि युनिफॉर्मची दुसरी बाजू मला कळली. मोठे मामा गेले त्याला आता बारा वर्षं होतील. दुपारपाळीला होते, फोन आला, इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या जा. रिक्षा करून तशीच गेले. मामा घरीच गेले होते. डॉक्टर येऊन, बघून, दाखला लिहून गेलेले. तिरडीची तयारी चाललेली. मी दारात पाऊल टाकलं आणि मामीनं मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या कपड्यांकडे बघितलं. म्हणाली, "आली. तू बघ गं एकदा. नीट बघ."

खोलीत तीसेक माणसं असतील. सगळे गप्प झाले. लांबूनच मला कळलं होतं. रोज बघणाऱ्याला रंगावरूनच कळतं. तरी मी मामांजवळ बसले. मनगट हातात घेतलं. थंड, आणि बोटं आखडायला लागलेली. छातीवरचं घड्याळ उलटून धरलं आणि मोजायला लागले. नाडी नसलेल्या मनगटावर पूर्ण एक मिनिट. तीस सेकंदांनी थांबता आलं असतं. नाही थांबले. सेकंदकाटा एक फेरी पूर्ण होईपर्यंत ती सगळी माणसं श्वास धरून होती, आणि मला माहीत होतं की साठ सेकंदांनंतर मला मान वर करून मामीकडे बघायचंय.

बघितलं. मान हलवली. मामीनं जो टाहो फोडला तो अजून कानात आहे.

घरी येताना मी स्वतःला खूप बोलले. साधा पंजाबी ड्रेस अंगावर असता तर मी भाची म्हणून गेले असते, मामीच्या गळ्यात पडून रडले असते. त्या पांढऱ्या कपड्यांनी तिला एका मिनिटाची आशा दिली आणि मलाच ती काढून घ्यायला लावली. मी रडलेही नाही. युनिफॉर्म अंगावर असला की माझं रडणं आत कुठंतरी थांबून राहतं. आण्णांचं कॅश जुळेपर्यंत थांबलं होतं तसं. पण वर्षश्राद्धाला मामी आपणहून म्हणाली, "डॉक्टर म्हणाले तेव्हा मला पटलंच नव्हतं. त्यांना घाई होती. तू सावकाश बघितलंस ना, तेव्हा पटलं." त्या दिवसापासून मी ते मिनिट मनातून काढून टाकायचं सोडलं.

आणि मग २०२०. त्या काळात तर मातीला माणसं नव्हतीच, नुसते युनिफॉर्म होते. अंत्यविधीला जास्तीत जास्त २० जण असा नियम होता, पण २० कुठले, कित्येकांची घरची माणसं स्वतः विलगीकरणात किंवा ऑक्सिजनवर. आम्ही पांढऱ्या पीपीई किटमध्ये, कोण कोण ते कळावं म्हणून छातीवर मार्करनं नाव लिहिलेलं. वॉर्डातून पालिकेची माणसं मृतदेह न्यायची, तीही किटमध्येच. एका रात्री पंचाहत्तरीचे एक आजोबा गेले. मुलगा परगावी अडकलेला. मी फोन धरून त्याला चेहरा दाखवला, मग बॅगेची चेन ओढली. न्यायला आलेल्या चौघांतला एकजण उचलण्याआधी थांबला. हातमोजे घातलेले हात जोडले आणि म्हणाला, "चला आजोबा." बस, एवढंच. त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही, उद्या रस्त्यात समोर आला तरी ओळखणार नाही. पण त्या आजोबांच्या वाट्याला नातेवाईक म्हणून जो कोणी आला तो तोच, आणि कामाच्या कपड्यात आला. हे त्या वर्षी हजारो घरांचं झालं. त्यानंतरही आपण कुणाच्या लाल टी-शर्टाकडे बघून नाक मुरडू शकतो, याचं मला वाईट वाटतं.

सैनिकाचं पार्थिव गावी येतं तेव्हा सगळं गाव रस्त्यावर उतरतं, गणवेशातली तुकडी मानवंदना देते, बंदुका झडतात. सातारा जिल्ह्यात ते मी लहानपणापासून पाहिलंय आणि दर वेळी छाती भरून आलीय. तिथं गणवेश हाच मान असतो. पण सिक्युरिटी गार्डचा निळा शर्ट, पेट्रोल पंपावरच्या मुलीचं जॅकेट, सफाई कामगाराचा केशरी कोट मौतीच्या घरात आला की लोकांना खटकतो. कपडा तोच, कामाचा. मान देणारे डोळे मात्र वेगवेगळे.

आण्णा मागच्या वर्षी श्रावणात गेले. रात्री झोपेतच. पहाटे फोन आला तेव्हा मी रात्रपाळीला होते. बरोबरची म्हणाली, कपडे बदलून जा, चार तासांचा प्रवास आहे. मी नाही बदलले. वाटेत एकदाही तसं वाटलं नाही.

यावेळी मला कुणी "बघ" म्हटलं नाही. मी आपणहून बसले. मनगटावर बोटं ठेवली, घड्याळ हातात घेतलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. आई बघत होती. मिनिट झाल्यावर तिनंच माझा हात तिथून काढून घेतला.

आण्णांना पांढरं धोतर, नवी टोपी. खाकी ट्रंकेत होती, ती आईनं बाहेर काढू दिली नाही. दुपारी तिरडी उचलायची वेळ झाली आणि फाट्याकडून एकजण पळत आला. खाकी, बिल्ला, गळ्यात बॅग, हातात तिकिटाचं मशीन. चाळिशीचा असेल. नवा लागला तेव्हा शिकायला पहिले काही दिवस आण्णांबरोबर गाडीवर होता. आईच्या पाया पडला. मला म्हणाला, "ताई, गाडी फाट्यावर उभी केलीय. पाशिंजरांना सांगून आलोय, आमच्या गुरुजींची माती आहे, पाच मिनिटं द्या. तसाच आलो."

तिरडीकडे वळला आणि थांबला. बॅगेच्या पट्ट्यावर हात. एका खांद्यावर बॅग, आणि मोकळ्या खांद्याच्या बाजूला आधीच आमचा चुलतभाऊ उभा. इकडे तिकडे बघायला लागला. मी हात पुढं केला. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग पट्टा डोक्यावरून काढला आणि बॅग माझ्या गळ्यात घातली. मशीनही दिलं.

मारुतीच्या देवळापर्यंत त्यानं खांदा दिला. मी ओट्यावर त्याच खांबाशी बॅग पोटाशी धरून उभी होते. एकतीस वर्षांत त्या बॅगेला हात लावायची ही पहिलीच वेळ; आण्णांची नव्हती, पण तीच. मी पावलं ऐकत होते. माझ्या अंगाशी काही वाजलं नाही. बॅग हलकी होती, थोड्या नोटा असतील. आता बरेच जण मोबाइलवरून पैसे देतात.

तो परत आला. मातीला खांदा दिलेला माणूस, अंघोळ करायला वेळ नाही. मी तांब्याभर पाणी दिलं, त्यानं हातपाय धुतले, चूळ भरली. उरलेल्या पाण्याचे शिंतोडे मी त्याच्या खाकीवर आणि माझ्या पांढऱ्यावर उडवले. बॅग गळ्यात घालून तो घुटमळला, आईशी काहीतरी बोलायचं होतं.

आई आतून म्हणाली, "जा बाबा. पाशिंजर खोळंबलं आसंल."